मोटारशर्यतींचे दूरचित्रण आणि जाणत्या प्रेक्षकाची तक्रार

१

दूरचित्रवाणीवर खेळ पाहणाऱ्यांत तक्रार करणारा वर्ग प्रत्येक खेळाच्या वाट्याला आलेला आहे. क्रिकेटचा प्रेक्षक समालोचकाच्या मतावर रागावतो, फुटबॉलचा प्रेक्षक पंचाच्या निर्णयावर रागावतो. मोटारशर्यतीचा प्रेक्षक मात्र प्रक्षेपणावरच रागावतो. 'शर्यत दाखविली, पण शर्यत दिसली नाही' असे त्याच्या गाऱ्हाण्याचे सार थोडक्यात सांगता येईल. वरवर पाहता हे विधान आत्मविरोधी वाटते. धावपथाच्या वळणावळणांवर कॅमेरे, खुद्द मोटारींवर कॅमेरे, वरून हेलिकॉप्टरमधील कॅमेरा, पडद्याच्या कडेला क्षणोक्षणी बदलणारे आकडे, एवढी सामग्री हाताशी असता न दिसण्याजोगे उरते तरी काय, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ह्या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर प्रक्षेपण करणाऱ्यांच्या बाजूचे. त्यानुसार जाणता प्रेक्षक हा मुळातच असंतुष्ट असतो. त्याला सर्व काही एकाच वेळी हवे असते, आणि मोटारी अनेक व पडदा एक हे गणित त्याच्या समाधानासाठी बदलता येत नाही. दुसरे उत्तर तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचे. त्यानुसार सर्व दोष व्यापाराचा. जाहिराती, प्रसिद्ध पाहुण्यांचे चेहरे आणि वाढत्या वर्गण्या ह्यांच्या मोहापायी वाहिन्यांनी शर्यतीचा बळी दिला. दोन्ही उत्तरांत काही तथ्य आहे. परंतु पहिले उत्तर तक्रारीचा आशय तपासतच नाही. आणि जेथे जाहिरात नाही व वर्गणीही भरलेली आहे तेथेही तक्रार का उरते, ह्याचा उलगडा दुसऱ्या उत्तराने होत नाही. तक्रारींचे तपशील लक्षपूर्वक पाहिले तर असे दिसून येते की, त्यांचा गाभा कथनाशी, किंबहुना वाक्यरचनेशी निगडित आहे. शर्यत जी वाक्यरचना मागते ती दूरचित्रण तिला देत नाही, हे जाणत्या प्रेक्षकाच्या असमाधानाचे मूळ कारण होय.

२

शर्यत म्हटली की कोण पुढे व कोण मागे, एवढाच प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येतो. घोड्यांच्या किंवा बैलगाड्यांच्या शर्यतीत ह्याचे उत्तर डोळ्यांना मिळते. कारण सारे स्पर्धक एका दृष्टिक्षेपात सामावतात आणि सारे काही फार तर काही मिनिटांत आटोपते. मोटारशर्यतीची गोष्ट निराळी आहे. मोनॅकोचा मार्ग त्यातल्या त्यात आखूड, म्हणजे ३.३३७ किलोमीटरांचा, बेल्जममधील स्पा येथील मार्ग ७.००४ किलोमीटरांचा, आणि फ्रान्समधील ल माँ येथे चोवीस तास चालणाऱ्या शर्यतीचा मार्ग १३.६२६ किलोमीटरांचा आहे. अशा मार्गावर दीड-दोन तास, अथवा एक संपूर्ण अहोरात्र, मोटारी विखरून धावत असतात. पहिल्या काही फेऱ्या उलटल्या की धावपथाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला नजरेसमोरून जाणारी मोटार पुढची की मागची, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

तात्पर्य, मोटारशर्यतीतील 'पुढे' आणि 'मागे' हे स्थळवाचक शब्द प्रत्यक्षात कालवाचक आहेत. दोन मोटारींमधील अंतर मीटरांत मोजीत नाहीत, सेकंदांत मोजतात. हा काल डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो. १९९७ साली स्पेनमधील हेरेथ येथे युरोपियन ग्रां प्रीच्या पात्रता-फेरीत जाक विल्नव, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झेन ह्या तिघांची वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत सारखी, १ मिनिट २१.०७२ सेकंद, अशी भरली. ज्याने ती प्रथम नोंदविली त्या विल्नवला अग्रस्थान मिळाले. जेथे घड्याळही भेद करू शकत नाही तेथे चित्र काय करणार?

ह्यात पिटमधील थांब्यांची भर पडते. टायर बदलण्यासाठी मोटार बाजूच्या गल्लीत शिरते तेव्हा प्रत्यक्ष काम दोन-तीन सेकंदांचे असले तरी गल्लीतून संथपणे जाण्यायेण्यात तिचे एकंदर वीस सेकंद वा त्याहून अधिक खर्ची पडतात. म्हणून जी मोटार आता पुढे आहे परंतु जिचा थांबा व्हावयाचा आहे, ती हिशेबाने मागे असू शकते. ऑगस्ट १९९८ मधील हंगेरियन ग्रां प्री हे ह्याचे उत्कृष्ट उदाहरण होय. मिका हॅकिनेन आणि डेव्हिड कूल्टहार्ड हे दोघे मॅक्लारेनचे चालक आरंभी पुढे होते, आणि शूमाकरची फेरारी तिसरी होती. हंगारोरिंगचा मार्ग अरुंद व वळणावळणांचा असल्याने तेथे समोरच्याला गाठून मागे टाकणे दुष्कर. तेव्हा फेरारीचे तांत्रिक सूत्रधार रॉस ब्रॉन ह्यांनी दोन थांब्यांचा बेत सोडून तीन थांब्यांचा धरला, आणि एकोणीस फेऱ्यांत पंचवीस सेकंदांची आघाडी मिळविण्यास शूमाकरला सांगितले. शूमाकरने ती मिळविली आणि शर्यत जिंकली.

आता ह्या एकोणीस फेऱ्यांचे चित्र कसे होते? एक तांबडी मोटार मोकळ्या रस्त्यावर एकटीच धावत होती. तिच्या मागेपुढे कोणी नव्हते, टक्कर नव्हती, झुंज नव्हती. आकडे न पाहणाऱ्याला त्या अवधीत काहीच घडले नाही. आकडे पाहणाऱ्याला मात्र त्या हंगामातील सर्वांत चुरशीचा प्रसंग त्याच अवधीत दिसला.

३

व्याकरणाच्या परिभाषेत ह्याचा विचार केल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. 'शूमाकर धावत आहे' हे केवल वाक्य. 'शूमाकर धावत आहे आणि हॅकिनेन धावत आहे' हे संयुक्त वाक्य. परंतु त्या शर्यतीचा खरा आशय 'जर शूमाकर एकोणीस फेऱ्यांत पंचवीस सेकंद मिळवील, तर तो तिसऱ्यांदा थांबूनही पुढेच राहील' ह्या मिश्र वाक्यात आहे. कॅमेऱ्याने टिपलेली प्रत्येक दृश्यखंडिका केवल वाक्यासारखी असते, आणि एका खंडिकेला दुसरी जोडण्याची क्रिया 'आणि', 'मग', फार तर 'इकडे' व 'तिकडे', एवढ्याच उभयान्वयी अव्ययांचे काम करू शकते. 'जर-तर', 'कारण', 'यद्यपि-तथापि', 'म्हणून' ही अव्यये चित्रापाशी नाहीत. शर्यतीचा सर्व रस मात्र ह्याच अव्ययांत साठविलेला असतो.

ह्या संदर्भात आपल्याकडील वैयाकरणांनी केलेले क्रियेचे विवेचन विशेष उपयोगी पडते. क्रिया ही वस्तूप्रमाणे एकत्र करून डोळ्यांपुढे ठेवता येत नाही, तिचे ज्ञान अनुमानाने होते, असे पतंजलीने महाभाष्यात म्हटले आहे. भर्तृहरीने वाक्यपदीयात हा विचार पुढे नेला. एकामागून एक जन्मणारे आणि कधीही एकाच वेळी अस्तित्वात नसणारे अवयव बुद्धी एकत्र कल्पिते, तेव्हा त्या समूहाला आपण क्रिया म्हणतो, असा त्याचा अभिप्राय आहे. शर्यत ही ह्या अर्थाने एक क्रिया होय. तिचा कोणताही एक अवयव दाखविल्याने ती दिसत नाही. अवयवांना जोडणारी बुद्धी प्रेक्षकापाशी असावी लागते किंवा कोणी तरी ती त्याला पुरवावी लागते. जाणता प्रेक्षक ही बुद्धी बरोबर घेऊनच बसलेला असतो. म्हणूनच चुकीचा अवयव निवडला गेल्याचे त्याला तत्क्षणी कळते, आणि नवख्याला ते कळत नाही.

दोन अलीकडील प्रसंगांनी हे पडताळून पाहता येईल. २०२१ च्या मोनॅको ग्रां प्रीत सेबास्टियन फेटल पिटमधून बाहेर पडला तो पिएर गास्लीच्या अगदी बरोबरीने. चढाच्या रस्त्यावर दोन्ही मोटारी शेजारीशेजारी धावत असताना चित्र अचानक लान्स स्ट्रोलच्या मोटारीकडे वळले, आणि जलतरण-तलावाजवळील वळणावर तिने कडेचा उंचवटा कसा ओलांडला, ते दाखविण्यात आले. मूळ दृश्यावर परत येईपर्यंत फेटल पुढे गेलेला होता. त्या काळी मोनॅकोच्या चित्रणाची व्यवस्था स्थानिक वाहिनीकडे असे. २०२३ पासून ती फॉर्म्युला वनच्या मध्यवर्ती चित्रणसंस्थेने आपल्याकडे घेतली. परंतु दोष केवळ स्थानिक अननुभवाचा होता असे म्हणता येत नाही. २०२५ च्या सिंगापूर ग्रां प्रीत अखेरच्या फेऱ्यांत लुइस हॅमिल्टनचे ब्रेक निकामी झाले, आणि फार मागे असलेला फर्नांडो अलोन्सो प्रत्येक फेरीत कित्येक सेकंद भरून काढीत त्याच्या निकट येऊन ठेपला. शेवटच्या रेषेवर दोघांत अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर उरले होते. ह्या पाठलागाचा मोठा भाग जगभरच्या प्रेक्षकांना त्या वेळी दिसला नाही. त्यानंतर कार्लोस साइन्झ ह्या चालकाने, प्रत्यक्ष शर्यतीऐवजी चालकांच्या मैत्रिणी व प्रसिद्ध पाहुणे ह्यांचे चेहरे अधिक दाखविले जातात, अशी टीका जाहीरपणे केली. प्रेक्षकांचे गाऱ्हाणे एका स्पर्धकाच्याच तोंडून बाहेर पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दोन्ही प्रसंगांत एकच गोष्ट घडली. स्ट्रोलचा प्रसंग घडून गेलेला, म्हणजे सिद्ध होता. फेटल व गास्ली ह्यांचा प्रसंग घडत असलेला, म्हणजे साध्य होता. सिंगापूर येथे प्रेक्षागारातील चेहरा ही सिद्ध वस्तू होती, आणि क्षीण होत जाणारे अंतर ही साध्य क्रिया होती. चित्रणाचा कल सिद्धाकडे असतो, कारण सिद्ध वस्तू हुकत नाही. चेहऱ्यावरील भाव कॅमेरा वळविताच मिळतो; आठ सेकंदांचे अंतर तीन सेकंदांवर येत आहे ही गोष्ट मिळविण्यासाठी आधी ती ओळखावी लागते. ओळखण्याचा हा श्रम टाळला गेला, एवढाच जाणत्या प्रेक्षकाचा आरोप आहे. आणि तो योग्य आहे.

४

चित्राला जे साधत नाही ते शब्दाने साधावे, अशी अपेक्षा साहजिक आहे. मराठीत ज्याला धावते समालोचन म्हणतात त्याचे स्थान येथे येते. 'समालोचन' ह्या शब्दातील 'सम्' आणि 'आ' ह्या उपसर्गांनी चोहोंकडून व साकल्याने पाहण्याचा अर्थ सुचविला जातो. समालोचक हा साकल्याने पाहणारा असला पाहिजे, असे शब्दच सांगतो. प्रत्यक्ष व्यवस्था मात्र ह्याच्या विपरीत आहे. फॉर्म्युला वनचे चित्र एका मध्यवर्ती ठिकाणी जुळविले जाते आणि तेच साऱ्या देशांतील वाहिन्यांना पुरविले जाते. समालोचक ज्या त्या भाषेचा व ज्या त्या वाहिनीचा असतो. दृश्याची निवड त्याच्या हाती नसते. चित्र हे मूळ आणि समालोचन ही त्यावरील टीका, असा हा संबंध आहे. मूळ ग्रंथकाराने भलतेच पान उघडले तर टीकाकाराला त्याच पानावर बोलत राहावे लागते.

तरीही चांगला टीकाकार काय करू शकतो, ह्याचे उदाहरण बीबीसीच्या मरे वॉकर व जेम्स हंट ह्या जोडीने घालून दिले. १९८० पासून १९९३ मध्ये हंटचा मृत्यू होईपर्यंत ही जोडी टिकली. पुष्कळ वेळा हे दोघे प्रत्यक्ष शर्यतीच्या जागी नसत; लंडनमधील कक्षात पडद्यावर येणारे चित्र पाहून बोलत. वॉकरचे बोलणे वेगवान, उत्कट आणि चुकांनी भरलेले असे; त्याच्या चुकांची संकलने लोकप्रिय झाली आणि त्या त्याने स्वतः हसून मान्य केल्या. हंट १९७६ चा विश्वविजेता. तो सावकाश, काहीसा तुच्छतेने, परंतु कारणे देत बोले. वॉकरच्या वाक्यांत क्रियापद प्रबळ असे, हंटच्या वाक्यांत हेतुवाचक आणि विरोधवाचक अव्यये प्रबळ असत. वॉकर 'काय झाले' ते सांगे, हंट 'का झाले' आणि 'एरवी काय झाले असते' ते सांगे. दोघांची वाक्ये एकत्र केली म्हणजे श्रोत्याच्या मनात मिश्र वाक्य पुरे होई. हंटच्या मतांत पूर्वग्रह पुष्कळ असत. तथापि तो प्रेक्षकाला शर्यतीचा वाचक समजून बोलत असे, आणि ह्या जोडीची आठवण अजून काढली जाते ती केवळ जुन्या दिवसांच्या ममतेपोटी नव्हे.

ह्याच्या उलट समालोचनाचा एक प्रकार असा की, जे चित्रात दिसते तेच शब्दांत पुन्हा सांगावयाचे, फक्त आवाज चढवून. नभोवाणीवर असे वर्णन आवश्यक असते, कारण तेथे शब्द हेच चित्र. दूरचित्रवाणीवर ते द्विरुक्त ठरते. नभोवाणीची भाषा दूरचित्रवाणीवर तशीच उचलली गेल्याने क्रियापदे उदंड झाली आणि अव्यये दुर्मिळ झाली. जाणत्या प्रेक्षकांच्या समालोचकांवरील टीकेचा बराचसा भाग ह्या द्विरुक्तीविरुद्ध असतो. तो आवाजाविरुद्ध किंवा व्यक्तीविरुद्ध आहे असे मानणे वरवरचे होय.

५

दुसरा प्रश्न काळाचा. थेट प्रक्षेपण पाहताना पडद्यावरील प्रत्येक क्रिया वर्तमानकाळी आहे, असे प्रेक्षक गृहीत धरतो. वस्तुतः त्यात तीन निरनिराळे काळ मिसळलेले असतात. रिप्ले, म्हणजे पुनर्दर्शन, हा उघड भूतकाळ; त्यावर तशी खूण असते. चालक व त्याचा संघ ह्यांच्यातील नभोवाणी-संभाषणाचे तुकडे हा झाकलेला भूतकाळ. ते बहुधा बोलले गेल्यानंतर काही वेळाने ऐकविले जातात, परंतु चालू चित्रावर बसविल्यामुळे आताचेच वाटतात. 'टायर संपले' असे चालक म्हणतो त्या वेळी चित्रातील त्याची मोटार नवे टायर घेऊन धावत असणे संभवनीय आहे. आणि खरा वर्तमान ह्या दोहोंच्या मधून जी जागा उरेल तेथे दिसतो. मराठीत 'तो थांबतो', 'तो थांबला' आणि 'तो थांबला होता' ह्यांतील भेद प्रत्ययाने व साहाय्यक क्रियापदाने होतो. चित्राला प्रत्यय नाहीत. म्हणून काळाचा निर्देश करणे ही प्रक्षेपण करणाराची जबाबदारी ठरते. ती पाळली न गेल्यास प्रेक्षकाला चुकीच्या काळातील वाक्य ऐकल्यासारखे वाटते.

जाहिरातींचा प्रश्नही तत्त्वतः काळाचाच आहे. फुटबॉलला मध्यंतर आहे, क्रिकेटला षटकांमधील विराम आहे. मोटारशर्यतीला पूर्णविराम एकच, तो शेवटचा. त्यामुळे जाहिरात कोठेही घातली तरी ती वाक्याच्या मध्येच पडते. २००५ साली इमोला येथील सान मारिनो ग्रां प्रीत अलोन्सोच्या पाठीला शूमाकर फेऱ्यांमागून फेऱ्या चिकटून होता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीने जाहिराती लावल्या. अलोन्सोने ती शर्यत ०.२१५ सेकंदांनी जिंकली, आणि प्रेक्षकांच्या संतापामुळे वाहिनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याच वर्षापासून अमेरिकेतील इंडीकार शर्यतींच्या प्रक्षेपणात पडदा विभागून एका भागात जाहिरात व दुसऱ्या भागात शर्यत दाखविण्याची पद्धत सुरू झाली. ह्या पद्धतीत समालोचन बंद पडते. चित्र राहते, अव्यये जातात. तरी पण प्रेक्षकांनी ती पत्करली. कारण काळ तुटण्यापेक्षा शब्द तुटणे त्यांना सोसवते.

६

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बलवान आहे. जाणते प्रेक्षक मूठभर. वाहिनी चालते ती सर्वसामान्य प्रेक्षकांवर. त्यांना पंचवीस सेकंदांचा हिशेब नको, माणसे हवीत. चेहरे, भांडणे, अपघात हवेत. १८ फेब्रुवारी १९७९ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने डेटोना ५०० ही शर्यत आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखविली. तेथील ५०० मैलांची शर्यत अशी संपूर्ण थेट दाखविण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात हिमवादळामुळे असंख्य लोक घरात अडकून पडले होते. शेवटच्या फेरीत आघाडीवरील डॉनी अ‍ॅलिसन व केल यारबरो एकमेकांवर आदळून बाद झाले, बराच मागे असलेला रिचर्ड पेटी जिंकला, आणि मग यारबरो व अ‍ॅलिसन बंधू ह्यांच्यात मैदानातच हाणामारी झाली. नॅसकार ह्या प्रकाराला राष्ट्रीय लोकप्रियता मिळाली ती ह्या प्रक्षेपणापासून, असे सर्वत्र मानले जाते. मग हिशेबाने काय मिळविले आणि हाणामारीने काय मिळविले, असा सवाल वाहिनीवाले करू शकतात.

ह्याचे उत्तर त्याच प्रसंगात आहे. त्या शेवटच्या फेरीत घटना एका ठिकाणी होती आणि शर्यत दुसऱ्या ठिकाणी. आघाडीचे दोघे चिखलात रुतले होते. विजय मात्र धावपथाच्या दुसऱ्या भागात पेटी, डॅरेल वॉल्ट्रिप व ए. जे. फॉइट ह्यांच्यात ठरत होता. हे दोन्ही प्रेक्षकाला कळले, म्हणूनच त्या हाणामारीला अर्थ आला. पेटी जिंकला हे ज्याला कळले नाही त्याच्या लेखी ते दोन इसमांचे रस्त्यावरील भांडण. ज्याला ते कळले त्याच्या लेखी ती हातातोंडाशी आलेला विजय गमावलेल्यांची व्यथा होय. माणसे आणि हिशेब ह्यांत विरोध मानणे चूक आहे. चेहऱ्यावरील भावाला कारण लागते, आणि ते कारण हिशेबात असते. नवख्याला हिशेब समजत नाही असे मानून तो वगळला तर नवखा कायमचा नवखाच राहतो. जाणत्या प्रेक्षकाची तक्रार ही ह्या दृष्टीने नवख्याच्याही हिताची आहे.

७

तक्रार शमविण्याचा एक उपाय तंत्रज्ञानाने सुचविला. प्रेक्षकाला एकच चित्र देण्याऐवजी अनेक चित्रे द्यावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी. मोटारीवर बसविलेल्या कॅमेऱ्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात १९७९ च्या बॅथर्स्ट शर्यतीत झाला होता. फॉर्म्युला वनमध्ये १९८५ च्या जर्मन ग्रां प्रीत फ्रान्स्वा एनो ह्याच्या रेनॉ मोटारीवर असा कॅमेरा होता. पुढे १९९६ पासून २००२ पर्यंत एक अंकीय सेवा चालविण्यात आली, तीत वर्गणीदाराला मुख्य चित्र, मोटारींवरील चित्रे, पिटमधील चित्र व वेळांचे तक्ते ह्यांतून निवड करता येई. पुरेसे वर्गणीदार न मिळाल्याने ती बंद पडली. २०१८ पासून फॉर्म्युला वनने महाजालावर स्वतःची सेवा सुरू केली आणि तीत प्रत्येक चालकाच्या मोटारीवरील चित्र व वेळांचे तपशील उपलब्ध झाले. भारतातील प्रेक्षकांसाठी ही सेवा २०२३ च्या हंगामात खुली झाली.

ह्या सोयीचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिने मूळ प्रश्न सुटत नाही. अनेक चित्रे म्हणजे अनेक केवल वाक्ये. ती जोडण्याचे काम आता प्रेक्षकाने स्वतः करावयाचे, आणि तेही शर्यत चालू असताना. जाणत्याला ते थोडेफार साधते. पण साधताना तो प्रेक्षक उरत नाही, संपादक होतो. शिवाय ज्याची त्याची शर्यत निराळी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी जिच्याविषयी बोलावे अशी एक सामाईक शर्यत राहत नाही. पडद्यावरील भाकिते व टक्केवाऱ्या ह्यांचीही तीच गत. २०२० साली टायरांची उरलेली शक्ती टक्क्यांत दाखविणारा तक्ता पडद्यावर येऊ लागला, तेव्हा त्याच्या विश्वसनीयतेविषयी जाणत्यांत वाद झाला. अशा तक्त्यांत 'जर-तर' असल्याचा भास होतो. परंतु तर्काच्या पायऱ्या झाकून केवळ निष्कर्ष दिला जात असल्याने ते मिश्र वाक्य ठरत नाही. तेही एक केवल वाक्यच, फक्त आकड्यांत लिहिलेले.

येथे जाणत्या प्रेक्षकाच्याही भूमिकेतील एक उणीव दाखविणे प्राप्त आहे. आपल्याला सर्व काही दाखवावे अशी मागणी तो पुष्कळदा करतो, आणि प्रत्येक वगळलेल्या दृश्याला अपराध समजतो. निवड केल्यावाचून कथन होत नाही. हंगेरीतील त्या एकोणीस फेऱ्या दाखविताना बाकीच्या मोटारी वगळाव्याच लागतात. निवड झाली ह्याबद्दल त्याची तक्रार असता कामा नये; निवड कोणत्या तत्त्वाने झाली, हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. तक्रार ह्या रूपात मांडली गेली तर तिला केवळ चिडखोरपणा म्हणून बाजूला सारणे कठीण होईल.

८

वरील विवेचनावरून प्रक्षेपणाच्या परीक्षणाचा एक निकष हाती येतो. ज्या अवयवावाचून चालू मिश्र वाक्य अपुरे राहील तो अवयव दाखविला गेला की नाही, आणि तो कोणत्या काळाचा आहे हे सांगितले गेले की नाही, ह्यावरून प्रक्षेपण चांगले वा वाईट ठरवावे. कॅमेऱ्यांची संख्या, चित्राची स्पष्टता, समालोचकांची प्रसिद्धी ही सर्व साधने होत. ह्या निकषाने पाहता मोनॅको येथील २०२१ चा आणि सिंगापूर येथील २०२५ चा प्रसंग हे सदोष कथनाचे नमुने ठरतात; आणि वॉकर-हंट जोडीचे, साधनांनी तोकडे असे काम पुष्कळ बाबतींत सरस ठरते.

खेळाच्या दृष्टीने ह्यात जे पणाला लागले आहे ते लहान नाही. जगातील बहुसंख्य लोक शर्यत प्रत्यक्ष पाहत नाहीत. त्यांच्यापुरती शर्यत म्हणजे तिचे कथन. कथनात जे येत नाही ते हळूहळू खेळातूनही नाहीसे होण्याचा धोका असतो, कारण आयोजक अखेर जे दिसते त्याचीच मशागत करतात. एकटीने धावणाऱ्या मोटारीची झुंज सांगण्याची भाषा उरली नाही, तर तशा झुंजीही निरर्थक ठरून टाळल्या जातील. हे ध्यानी घेतले म्हणजे घरी पडद्यासमोर बसून चरफडणारा प्रेक्षक केवळ ग्राहक ठरत नाही. एका लुप्त होऊ पाहणाऱ्या वाक्यरचनेचा तो साक्षीदार ठरतो.

क्रीडा-समालोचनाच्या भाषेचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः शब्दसंग्रहाच्या व परिभाषेच्या अंगाने होत आला आहे. उभयान्वयी अव्यये, काळ व वाक्यप्रकार ह्यांच्या अंगाने तो होणे अगत्याचे आहे. चित्र व शब्द ह्यांत कामाची वाटणी कशी होते, ह्याचे काही नियम अशा अभ्यासातून हाती येतील. आणि ते केवळ मोटारशर्यतींपुरतेच खरे असतील असे नाही.